परदेशातली नोकरी, बोरसीतली फाईल

दुर्गमधल्या जुन्या मराठी घरातले कागद तारखेप्रमाणे मांडले, तर घर जागच्या जागी आणि राज्यं मात्र बदलत गेलेली दिसतात. पणजोबांच्या कागदावर मध्य प्रांत व वऱ्हाड. १९५० नंतरच्या कागदावर मध्य प्रदेश, पण राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ नंतर नाव तेच, राजधानी भोपाळ. १ नोव्हेंबर २०००पासून छत्तीसगड. या प्रत्येक कारभाराने आपापले दाखले दिले, आपापल्या नोंदवह्या ठेवल्या आणि जाताना त्या पुढच्याच्या हवाली केल्या किंवा मागेच ठेवल्या. घरातला मुलगा जर्मनीला किंवा अमेरिकेला निघाला की या सगळ्या कारभारांची दारं त्याला एकामागून एक ठोठावावी लागतात. तो स्वतः तर विमानात बसलेला असतो. ठोठावायला जातात ते आई-वडील.

बोरसी ही दुर्ग आणि भिलाईच्या सांध्यावरची वस्ती. पत्त्यात कुणी दुर्ग लिहितं, कुणी भिलाई, आणि दोन कागदांवर दोन गावं आली की तिथूनच पहिली शंका निघते. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार १९५५ साली सोव्हिएत संघाशी झाला. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. नागपूर-गोंदिया-डोंगरगड-राजनांदगाव हीच रेल्वेची वाट धरून विदर्भातली मराठी माणसं इथे कामाला आली. त्यांची मुलं सेक्टर-९च्या रुग्णालयात जन्मली, टाउनशिपच्या शाळांत शिकली. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून काहींनी बोरसीत घरं बांधली. आज त्या घरांत दोन म्हातारी माणसं आणि एक जाडजूड फाईल असते.

परदेशातल्या कागदपत्रांच्या त्रासाविषयी बोलताना आपण व्हिसा, मुलाखतीची तारीख, तिथल्या कचेऱ्या एवढंच बोलतो. अशा फायली लोकांबरोबर बसून लावताना माझं मत वेगळं झालं आहे. परदेशी कचेरी बहुतेक वेळा एकच साधी गोष्ट मागते: हा माणूस कोण, कधी, कुठे, कुणाच्या पोटी जन्मला आणि काय शिकला, ते दाखवा. ही साधी गोष्ट आपल्याच नोंदींतून एकसारखी निघत नाही, म्हणून गाडी अडते.

जन्मदाखल्यापासूनच पाहू. १९७५-८०च्या सुमाराचा दाखला हातात घ्यावा. नावाच्या रकान्यात आडवी रेघ. लिंग: पुरुष. वडिलांचं नाव म्हणजे एक आद्याक्षर आणि आडनाव. आईच्या नावापुढे फक्त 'बाई' लागलेलं एक नाव, आडनाव नाही. जन्माची नोंद बारशाआधी झाली आणि बारशानंतर नाव घालायला कुणी गेलं नाही, एवढीच त्यामागची हकिगत. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा. बहुतेक भागांत तो १ एप्रिल १९७०पासून लागू झाला. त्यात एकवीस दिवसांत जन्म कळवायचा असतो. नाव नंतर घालायला पहिले बारा महिने शुल्क नाही, पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. पंधरा वर्षं उलटून गेलेल्यांसाठी सरकारांना वेळोवेळी मुदतवाढ द्यावी लागली. जन्माची नोंदच नसेल आणि वर्ष उलटलं असेल, तर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. २०२३च्या दुरुस्तीने हे काम जिल्हा दंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे आलं. त्याच दुरुस्तीने १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणजे जन्मदाखलाच, असंही ठरवलं. आताच्या बाळांचा प्रश्न त्यामुळे सुटेल. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या, अमेरिकेत ग्रीनकार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या पिढीचा मात्र तसाच राहतो. आयुष्यभर दहावीच्या गुणपत्रिकेवरच्या जन्मतारखेवर त्यांचं काम भागलं होतं. तिथे जन्मदाखलाच हवा म्हणतात आणि दाखल्यावर नावाच्या जागी रेघ असते.

त्याहून अवघड प्रसंग आई-वडिलांचा. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला मुलगा एकवीस वर्षांवरचा असेल तर आई-बाबांसाठी कायम वास्तव्याचा अर्ज करू शकतो. मग बाबांचा जन्मदाखला लागतो. बाबा भंडाऱ्याकडच्या एखाद्या खेड्यात १९४५च्या आसपास जन्मलेले. तिथली नोंद असलीच तर कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीत. ते तहसीलच्या अभिलेख कक्षात बाडात बांधलेलं असतं आणि त्यात 'अमक्याला मुलगा झाला' एवढंच लिहिलेलं असतं. जातपडताळणीच्या निमित्ताने विदर्भातल्या अनेक घरांनी ही बाडं धुंडाळलेली आहेत, त्यामुळे नक्कल कशी काढायची हे सांगणारा एखादा नातेवाईक तरी भेटतो. नोंद नसेल तर 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला आणि त्याला जोड म्हणून जन्माची माहिती असलेल्या माणसांची शपथपत्रं द्यायची. १९७०पूर्वीच्या भारतीय जन्मांसाठी अमेरिकेची व्हिसाव्यवस्था असे दुय्यम पुरावे घेते, ही त्यातली बरी बाजू. पण ऐंशीला टेकलेल्या माणसाच्या जन्माची आठवण असलेलं माणूस आणायचं कुठून? एखादी नव्वदीची आत्या उरलेली असते. नोटरीसमोर तिचा अंगठा घ्यायला घरातल्या कुणीतरी गाडी करून तिला तालुक्याला न्यायचं आणि परत आणून सोडायचं.

नावाचं दुखणं मराठी माणसाचं खास आहे, आणि छत्तीसगडातल्या मराठी माणसाचं त्याहून खास. ज्ञानेश्वर हे नाव देवनागरीत सगळीकडे एकच. इंग्रजीत ते नागपूरच्या दाखल्यावर 'डी-एन-वाय'ने सुरू होतं आणि भिलाईच्या शाळेत 'जी-वाय'ने. काळे हिंदी नोंदीत 'काले' होतात. बाळकृष्णचा बालकृष्ण होतो. मुलीचं मधलं नाव लग्नाआधी वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. इकडच्या हिंदीभाषक घरांत मधलं नाव म्हणजे बहुधा कुमार किंवा कुमारी, वडिलांचं नाव निराळ्या रकान्यात, त्यामुळे शाळेतल्या कारकुनाने तिचं मधलं नाव गाळूनच टाकलेलं असतं. पासपोर्टावर आडनाव आणि दिलेलं नाव असे दोनच कप्पे आहेत. मधलं नाव कुणी दिलेल्या नावात घालतं, कुणी सोडून देतं. मग पदवीवर तीन शब्द, पासपोर्टवर दोन, आधारवर तीन पण मधला वेगळा. 'ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत' असं शपथपत्र करावं लागतं. आपल्याकडे ते चालून जातं. परदेशी अधिकाऱ्याला ते पुरेसं वाटेलच असं नाही, कारण त्याच्या देशात माणसाचं नाव बदललं की त्याची अधिकृत नोंद होते, स्वतःच्या शब्दावर भागत नाही. राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात देणं हा त्यामानाने पक्का रस्ता. तो लांबचा वाटतो म्हणून लोक टाळतात, आणि शेवटी बहुतेकांना त्याच रस्त्याने जावं लागतं.

आता पदव्या. या भागात विद्यापीठंसुद्धा राज्यांसारखीच बदलत गेली. रायपूरची जुनी महाविद्यालयं आधी नागपूर विद्यापीठाला जोडलेली, मग सागरला, आणि १९६४पासून रायपूरच्याच रविशंकर विद्यापीठाला. दुर्गचं बीआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८६चं. त्याच्या पहिल्या तुकड्यांच्या पदव्या रविशंकर विद्यापीठाच्या, २००५नंतर आलेल्यांच्या भिलाईच्या स्वामी विवेकानंद तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या. दहावी-बारावी २०००च्या आधी राज्य मंडळातून झाली असेल तर गुणपत्रिकेवर भोपाळचं मंडळ, नंतर वेगळं मंडळ झाल्यावरची असेल तर रायपूरचं.

परदेशी चालण्यासाठी कागदावर जो शिक्का लागतो तो ज्या राज्याने कागद दिला त्या राज्यातूनच सुरू होतो. शैक्षणिक कागद त्या राज्याच्या शिक्षण खात्याकडे, जन्म-विवाहाचे कागद गृह खात्याकडे किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे, आणि तिथून दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयात. बोरसीतल्या एखाद्या जोडप्याचं उदाहरण घ्या. नवऱ्याची दहावी भोपाळ मंडळाची, म्हणून मध्य प्रदेश. त्याची पदवी रायपूरची, म्हणून छत्तीसगड. लग्न गोंदियाला लागलं, नोंदणी तिथेच झाली, दाखला मराठीत, म्हणून महाराष्ट्र, आणि वर इंग्रजी भाषांतर. एका घराच्या तीन कागदांना तीन राज्यांचे शिक्के. यातलं एकही राज्य परकं नाही. तरी एकाच्या शिक्क्यावर दुसऱ्याला विश्वास ठेवता येत नाही.

दिल्लीचा टप्पा त्यामानाने सुधारला आहे. हेगचा अपोस्टिल करार ५ ऑक्टोबर १९६१चा. भारतात तो १४ जुलै २००५पासून लागू आहे. करारात असलेल्या देशांमध्ये एकच चौकोनी शिक्का पुरतो, दूतावासात वेगळं जावं लागत नाही. सौदी अरेबिया डिसेंबर २०२२मध्ये आणि कॅनडा जानेवारी २०२४मध्ये या व्यवस्थेत आले, त्यामुळे तिकडे जाणाऱ्यांचा एक टप्पा वाचला. संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत अजून बाहेर आहेत. तिथल्या नोकरीसाठी मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का लागतो. अपोस्टिलचं सरकारी शुल्क एका कागदाला ५० रुपये. लोकांच्या खिशातून जातात ते हजारांत, कारण २०१२पासून मंत्रालयाचं काउंटर लोकांसाठी थेट उघडं नाही, कागद ठरलेल्या खासगी संस्थांमार्फत द्यावे लागतात, आणि त्यांच्याही अलीकडे राज्याचा शिक्का मिळवून देणारे दलाल बसलेले असतात. २०१७पासून ई-सनद ही ऑनलाइन व्यवस्था आहे. ज्या संस्थेने आपल्या नोंदी तिथे चढवल्या तिचा विद्यार्थी घरबसल्या शिक्का मिळवतो. जिच्या नोंदी अजून कपाटात आहेत तिचा विद्यार्थी दलालाकडे जातो.

जर्मनीविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवं, कारण आताच्या पोरांचा ओढा तिकडे आहे. भारत अपोस्टिल करारात आला तेव्हा जर्मनीने भारतापुरता आक्षेप नोंदवला. त्यामुळे भारताचा अपोस्टिल जर्मनीत चालत नाही. लग्न, मूल, नागरिकत्व अशा कामांसाठी तिथल्या कचेरीला भारतीय कागदाबद्दल खात्री हवी असेल तर जर्मन दूतावास इथे माणूस पाठवून पडताळणी करवून घेतो: नोंदवहीत नोंद आहे का, शाळेत तोच जन्मदिनांक आहे का, शेजारी काय सांगतात. याला महिनोन्महिने लागतात आणि खर्च अर्जदाराचा. आपल्या देशाच्या दाखल्याबद्दल दुसऱ्या देशाला एवढी शंका यावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण ती शंका निराधार आहे असंही म्हणवत नाही. उशिरा केलेली नोंद, शपथपत्रावर मिळालेली तारीख, शाळेत घालताना सहा महिने अलीकडे-पलीकडे केलेलं वय, हे सगळं आपल्या घराघरांत आहे.

इंजिनीअरच्या कागदांची चर्चा तरी होते. वेल्डर, फिटर, रिगर यांच्या कागदांची होत नाही. भिलाईत ठेकेदारांच्या हाताखाली काम शिकलेली माणसं आखातात जातात. दहावी नापास माणसाच्या पासपोर्टवर तपासणी आवश्यक असा शेरा येतो आणि ठरलेल्या १८ देशांपैकी कुठेही नोकरीला जायचं तर १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली परवानगी लागते. ही परवानगी २०१४पासून ई-मायग्रेट या व्यवस्थेतून मिळते. तीत मालकाचं नाव, करार, पगार आणि दलालाचा नोंदणी क्रमांक असतो. प्रवासी भारतीय विमा योजनेत १० लाखांचा विमा आहे. नोंदणीकृत दलालाला जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. ही मर्यादा ज्याला माहीत नाही तो लाख-दीड लाख उसने काढून देतो. मग त्याला पर्यटक व्हिसावर पाठवतात आणि तिथे पोचल्यावर नोकरीचा कागद करून देऊ म्हणतात. या वाटेने गेलेला माणूस सरकारच्या कुठल्याच यादीत नसतो. पगार थकला, मालकाने पासपोर्ट काढून घेतला, अपघात झाला, तर तक्रार करताना दाखवायला हातात करार नसतो. परदेशातल्या भारतीयांच्या तक्रारींसाठी २०१५पासून मदद ही व्यवस्था आहे, अडचणीत सापडलेल्यांसाठी २००९पासून दूतावासांकडे कल्याण निधी आहे, आणि मृतदेह आणण्यासाठी २०२३पासून ई-केअर. सोयी आहेत, आणि कागद धड असलेल्या माणसाला त्या मिळतातही. ज्याला त्यांची सर्वांत जास्त गरज असते त्याच्याकडेच कागद नसतो. सरकारी परिपत्रकांपेक्षा आयटीआयच्या शेवटच्या महिन्यात एक तास या विषयाला दिला तर जास्त उपयोग होईल असं मला वाटतं.

परदेशात स्थिरावल्यानंतरचे कागद बरेचसे ठरलेले आहेत, म्हणून त्यांवर फार थांबत नाही. तिथे बाळ झालं तर वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करावी. परकं नागरिकत्व स्वखुशीने घेतलं की १९५५च्या नागरिकत्व कायद्याने भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं, मग जुना पासपोर्ट जमा करून तसा दाखला घ्यायचा आणि हवं तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डाचा अर्ज करायचा. ओसीआयधारकाला इथे राहता येतं, काम करता येतं, घर घेता येतं. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाहक्काने मात्र मिळू शकते. शेवटचं वाक्य छत्तीसगडात किंवा भंडाऱ्यात धानाचं शेत असलेल्या घरांनी नीट ध्यानात ठेवावं, कारण भावाकडून हिस्सा विकत घेताना इथेच चूक होते.

खरा भार इथे राहिलेल्यांवर कसा येतो ते घर विकायच्या वेळी दिसतं. बाबा गेले, आई मुलाकडे पुण्याला किंवा टेक्सासला जायची, बोरसीचं घर विकायचं. आधी वारसांचं नामांतरण. बँकेत नॉमिनी मुलगा असला तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे काउंटरवर कळतं. परदेशातल्या मुलाने मुखत्यारपत्र पाठवायचं, तर ते तिथल्या भारतीय वकिलातीत सही करून किंवा नोटरी आणि अपोस्टिल करून यावं लागतं. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही तीन महिन्यांची अट बहुतेकांना रजिस्ट्रारच्या दारात कळते. मुखत्यारपत्राच्या आधारे खरेदीखत करता येतं, पण नुसतं मुखत्यारपत्र देऊन घर विकलं असं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ साली हे स्पष्ट केलं आहे. विकणारा अनिवासी असेल तर खरेदीदाराला निवासी विक्रेत्याच्या तुलनेत खूप जास्त कर कापून भरावा लागतो. कमी कपातीचा दाखला आधी काढला नाही तर पैसे अडकतात आणि परताव्यासाठी विवरणपत्र भरत बसावं लागतं. पैसे बाहेर न्यायचे तर ते अनिवासींच्या एनआरओ खात्यातून, वर्षाला १० लाख डॉलरच्या मर्यादेत, सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रासह. मुलाचं गावातलं जुनं बचत खातं परदेशी गेल्यावर एनआरओ करून घ्यायला हवं होतं, ते बहुतेकांनी केलेलं नसतं. शिवाय पॅन. अनिवासी माणसाला पॅन-आधार जोडणीतून सूट आहे, पण आयकर खात्याच्या नोंदीत तो निवासीच राहिल्यामुळे १ जुलै २०२३नंतर कित्येकांचे पॅन निष्क्रिय झाले. घर विकायच्या दिवशीच हे कळायची वेळ अनेकांवर आली.

या सगळ्या धावपळीत बोरसीतल्या काकू चॉइस सेंटरच्या बाकावर बसलेल्या असतात. छत्तीसगडात दाखले, आधार, पेन्शनचं काम या केंद्रांवर होतं, आणि तिथला पोरगा पडद्याकडे बघत विचारतो, 'आंटी, बेटे का ओटीपी आया क्या?' ओटीपी गेलेला असतो डॅलसला. तिथे रात्रीचे दोन वाजलेले. काकू व्हॉट्सअ‍ॅपवर फोन लावतात, मुलगा झोपेतून उठून आकडे सांगतो, तोवर वेळ संपलेली असते. परत पाठवायचा. खिडकीची वेळ संपत आलेली. हा पेच सोडवणं अवघड नाही: परदेशातल्या नागरिकाच्या कामासाठी घरातल्या एका माणसाला अधिकृत प्रतिनिधी नेमण्याची सोय सरकारी पोर्टलवर हवी, ओटीपी त्या प्रतिनिधीकडे जावा. मुखत्यारपत्राचा कायदा शंभराहून अधिक वर्षांपासून हेच करतो आहे, संगणकाला तो शिकवायचा राहिला आहे.

हयातीच्या दाखल्याची गोष्ट उलट आहे, तिथे खरोखर सुधारणा झाली. १० नोव्हेंबर २०१४पासून जीवन प्रमाण हा डिजिटल दाखला आला. भिलाईच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या बहुतेकांना पीएफच्या १९९५च्या योजनेची पेन्शन आहे. त्यांना दाखला वर्षात कधीही देता येतो आणि तो बारा महिने चालतो. भट्टीजवळ उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसांच्या बोटांच्या रेषा पुसट झालेल्या, यंत्र ठसा घेत नाही, हा जुना त्रास होता. आता चेहऱ्यावरून ओळख पटते. हा नियम करणाऱ्याने म्हाताऱ्या माणसाच्या हाताकडे बघितलं असणार.

एका गटाचा उल्लेख राहून जातो तो करायलाच हवा. विदर्भातून आलेल्या अनुसूचित जातींच्या घरांना जातीचा दाखला मूळ राज्याच्या १९५०च्या रहिवासाशी बांधलेला असतो, आणि राज्य बदललं की सवलती सोबत येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९०च्या मर्री चंद्रशेखर राव निकालात म्हटलं. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. भिलाईत जन्मलेल्या, दोन पिढ्या इथेच राहिलेल्या मराठी बौद्ध घरातल्या हुशार मुलीला ती मिळत नाही, आणि छत्तीसगडच्या सवलतींसाठी तिचे पूर्वज इकडचे नव्हेत. परदेशी विद्यापीठाचं प्रवेशपत्र हातात असताना तिच्यापुढे केंद्राची शिष्यवृत्ती किंवा कर्ज एवढेच पर्याय उरतात. बाबासाहेब कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, आणि बाबासाहेब काही बडोद्याचे रहिवासी नव्हते. दोन राज्यांच्या सीमेमुळे गुणवान मूल अडू नये यासाठी महाराष्ट्राने बाहेरच्या मराठी अनुसूचित जातींसाठी काही जागा ठेवाव्यात, असं मला ठामपणे वाटतं.

कागद हलके होऊ शकतात का? भिलाईनेच ते पाहिलं आहे. कारखाना उभा राहत होता तेव्हा सोव्हिएत तज्ज्ञ इथे राहिले, इथले इंजिनीअर प्रशिक्षणाला तिकडे गेले. दोन सरकारांमध्ये करार होता, राहण्याची आणि दुभाष्यांची व्यवस्था संस्थेने केली. माणसाने एकट्याने आपल्या कागदांचा जुडगा घेऊन फिरावं अशी अपेक्षाच नव्हती. त्या काळात साध्या भारतीय नागरिकाला मात्र पासपोर्ट मिळणं सरकारच्या मर्जीवर होतं. सतवंतसिंग साहनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असं म्हटलं आणि त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा आला. युरोपीय संघात १६ फेब्रुवारी २०१९पासून एका सदस्य देशाचा जन्म किंवा विवाहाचा दाखला दुसऱ्यात अपोस्टिलशिवाय चालतो, सोबत अनेक भाषांतला एक ठरावीक नमुना जोडला की भाषांतरही लागत नाही. सत्तावीस वेगवेगळे देश एकमेकांच्या दाखल्यावर विश्वास ठेवतात. भोपाळ, रायपूर आणि मुंबईला हे एकाच देशात जमू नये याला कारण नाही. जन्म, विवाह, दहावी आणि पदवी या चार नोंदी कुठल्याही राज्यातून तपासता आल्या आणि राज्याचा मधला शिक्का गेला, तर दलालीचा मोठा भाग एका आदेशाने बंद होईल.

तोवर आपल्या संस्थांनी हात द्यावा. रायपूरचं महाराष्ट्र मंडळ १९३५चं आहे. अशा मंडळांत गणेशोत्सव आणि कोजागरी होतेच. महिन्यातून एक रविवार कागदपत्रांसाठी ठेवला, एक निवृत्त वकील, एक सनदी लेखापाल आणि कोतवाल बुकाची नक्कल काढून आलेला एखादा माणूस बसवला, तर कितीतरी म्हाताऱ्यांचे हेलपाटे वाचतील.

आणि घरी एक काम लगेच करता येण्यासारखं आहे. मुलगा परदेशी असो किंवा अजून बारावीत, त्याचा जन्मदाखला काढून बघावा. नावाच्या जागी रेघ असेल तर दुरुस्तीसाठी आईचं शपथपत्र लागतं, म्हणून आई हिंडती-फिरती आहे तोवर ते करून घ्यावं. त्यात आईचं नाव तिच्या आधारवर आहे त्याच स्पेलिंगने लिहावं, माहेरचं नाव निराळ्या ओळीत द्यावं आणि पत्त्यात दुर्ग की भिलाई ते मुलाच्या पासपोर्टवर आहे तसंच ठेवावं.